कुंपणाआधीचा घोडेस्वार : फ्रेडरिक रेमिंग्टनची ब्राँझशिल्पे

'काउबॉय' या शब्दाचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास 'गुराखी' याहून जवळचा शब्द सापडणार नाही. पण 'गुराखी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पायांत जाडजूड वहाणा घातलेला, गायरानात दिवसभर गुरे वळून दिवेलागणीला घरी परतणारा पोर. 'काउबॉय' म्हटले की मात्र रुंद काठाची टोपी, कमरेचे पिस्तूल आणि उधळलेला घोडा दिसू लागतो. काम दोघांचे एकच, जनावरेही तीच. मग एकाची गणना गरिबांत आणि दुसऱ्याची वीरांत का व्हावी? या प्रश्नाचे थोडे उत्तर इतिहासात आहे आणि बरेचसे चित्रपटात आहे. परंतु हॉलिवूडने या घोडेस्वाराला पडद्यावर आणण्यापूर्वीच एका माणसाने त्याला जेमतेम दोन फूट उंचीच्या ब्राँझमध्ये ओतून ठेवले होते. त्याचे नाव फ्रेडरिक रेमिंग्टन.

प्रस्तुत लेखात रेमिंग्टनच्या शिल्पांची ओळख करून द्यावयाची आहे. ती करून देताना एका वादाकडेही वळावे लागेल. हा वाद आपल्या वाङ्मयमंडळाच्या बैठकीत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी अर्धवट राहतो. कलावंत जे जीवन दाखवतो ते त्याने स्वतः जगलेले असलेच पाहिजे काय?

वीस वर्षांचे राज्य

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले त्या वेळी टेक्सासच्या माळरानांवर लाखो लांबशिंगी गुरे मोकाट हिंडत होती. तेथे त्यांना भाव नव्हता. उत्तरेकडील आणि पूर्वेकडील शहरांत मात्र मांसाला मोठी मागणी होती. रेल्वे कॅन्सस प्रांतापर्यंत येऊन पोहोचली होती. म्हणून १८६७ पासून टेक्सासची गुरे पायी चालवत कॅन्ससमधील अ‍ॅबिलीनच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेण्याचा मोठा धंदा सुरू झाला. दोन-तीन हजार जनावरांचा एकेक कळप, त्यामागे दहा-बारा घोडेस्वार आणि दोन-तीन महिन्यांची वाटचाल, असा हा प्रकार होता. एवढ्या अफाट मुलखात पायी चालणाऱ्या गुराख्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. घोडा हा त्याचा थाट नव्हता, ते त्याच्या कामाचे हत्यार होते.

हा घोडेस्वार एकट्या गोऱ्या माणसाची निर्मिती नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. घोड्यावरून गुरे राखण्याची विद्या अमेरिकनांनी उचलली ती मेक्सिकोच्या 'वाकेरो' मंडळींकडून. 'लॅसो', 'रोडिओ', 'ब्राँको' हे सारे शब्द मूळचे स्पॅनिश आहेत. 'ब्राँको' म्हणजे अद्याप माणसाळला नाही असा अडदांड घोडा. काउबॉयांत मेक्सिकन पुष्कळ होते. नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीयही पुष्कळ होते. पगार महिना तीस-चाळीस डॉलर. काम धुळीचे, चिखलाचे आणि बहुतेक वेळा कंटाळवाणे.

हे राज्य जेमतेम वीस वर्षे टिकले. १८७४ साली जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि पाहता पाहता मोकळ्या कुरणांवर कुंपणे पडू लागली. पुढे १८८६-८७ चा हिवाळा असा काही भयंकर आला की, उत्तरेच्या माळरानांवर बर्फाखालचे गवत न मिळाल्याने गुरे कळपांनी मेली आणि अनेक मोठे मालक धुळीला मिळाले. १८९० च्या जनगणनेनंतर तर सरकारनेच जाहीर केले की, वस्ती आणि ओसाड मुलूख यांमधील सरहद्द म्हणून आता नकाशावर एक सलग रेषा दाखवता येत नाही.

या सालांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. रेमिंग्टनचे पहिले शिल्प १८९५ चे आहे. म्हणजे ज्या जीवनाचा तो शिल्पकार म्हणून प्रसिद्ध झाला, ते जीवन त्याने मातीला हात लावण्यापूर्वीच संपले होते.

मेंढ्या पाळणारा चित्रकार

रेमिंग्टनचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील कँटन या गावी ४ ऑक्टोबर १८६१ रोजी झाला. वडील वृत्तपत्राचे संपादक. यादवी युद्धात घोडदळाचे अधिकारी म्हणून लढलेले. घोड्यांचे वेड मुलाने बहुधा तेथूनच घेतले. येल विद्यापीठाच्या कलाशाळेत त्याने नाव घातले खरे, पण प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटने करण्यापेक्षा फुटबॉलच्या मैदानावर तो अधिक रमला. १८८० साली वडील वारले आणि शिक्षणही सुटले.

१८८१ साली तो प्रथम पश्चिमेकडे माँटानात गेला. पुष्कळ वर्षांनी, १९०५ साली, त्याने एका मासिकात त्या प्रवासाची आठवण सांगितली आहे. रात्री शेकोटीपाशी त्याला एक म्हातारा गाडीवान भेटला. जन्मभर हा माणूस वस्तीच्या पुढे पुढे पश्चिमेला सरकत आला होता. आता पुढे सरकायला पश्चिम उरलेली नाही, रेल्वे येऊ घातली आहे, असे तो म्हणाला. हे मोकळे रान आणि हे रानटी घोडेस्वार आता कायमचे नाहीसे होणार हे आपल्याला त्या रात्री उमगले, असे रेमिंग्टनने नमूद केले आहे. आठवण चोवीस वर्षांनंतरची आहे, तेव्हा तीत थोडी सजावट असणारच. परंतु त्याच्या साऱ्या कलेचे सूत्र तीत आहे, यात शंका नाही.

१८८३ साली वडिलोपार्जित पैशातून त्याने कॅन्ससमध्ये पीबडी गावाजवळ एक रँच विकत घेतली. येथे मात्र इतिहासाने त्याची थट्टा केली असे म्हणावे लागते. रँच होती ती गुरांची नव्हे, मेंढ्यांची! गुरेवाल्यांच्या दृष्टीने मेंढपाळ म्हणजे हलका माणूस. वर्षभरातच रेमिंग्टन त्या कामाला कंटाळला आणि १८८४ मध्ये त्याने जमीन विकून टाकली. नंतर कॅन्सस सिटीमध्ये एका दारूच्या गुत्त्यात त्याने पैसे गुंतवले आणि तेही बुडाले. नुकतेच लग्न झालेली पत्नी इव्हा माहेरी परतली. हातात उरली ती फक्त पेन्सिल.

पुढे मात्र दिवस पालटले. १८८६ च्या जानेवारीत 'हार्पर्स वीकली'च्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. थिओडोर रूझवेल्ट हे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी डाकोटातील आपल्या रँचवरील अनुभवांवर लिहिलेली लेखमाला १८८८ साली 'सेंच्युरी' मासिकात आली, तिची चित्रे रेमिंग्टनने काढली. मासिकांच्या वाचकांना तो काउबॉयच वाटू लागला आणि हा गैरसमज दूर करण्याची त्याने फारशी घाई केली नाही. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथे ऐसपैस घरात राहत होता. उन्हाळ्यात पश्चिमेकडे जावे, छायाचित्रे व टिपणे घ्यावीत, खोगिरे, पिस्तुले, चामडी वस्त्रे विकत आणावीत आणि ती स्टुडिओत मांडून चित्रे काढावीत, असा त्याचा क्रम असे. त्याच्या स्टुडिओतील हा संग्रह आज वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात आहे.

पेन्सिलकडून मातीकडे

वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत रेमिंग्टनने शिल्प म्हणून काही घडवले नव्हते. शेजारी ऑगस्टस टॉमस नावाचा नाटककार राहत असे. एकदा चित्र काढताना रेमिंग्टनने त्यातील एक आकृती पुसून ती दुसऱ्या बाजूने दिसेल अशी सहज काढली. हे पाहून टॉमस त्याला म्हणाला की, तू मुळात चित्रकार नाहीस, शिल्पकार आहेस. कारण तुला वस्तू एकाच वेळी सर्व बाजूंनी दिसते. योगायोग असा की, फ्रेडरिक रक्स्टल हा शिल्पकार त्या सुमारास टॉमसच्याच आवारात एका सेनापतीच्या अश्वारूढ पुतळ्याचे काम करीत होता. त्याने रेमिंग्टनला अवजारे आणि माती दिली. काही महिन्यांच्या धडपडीनंतर जे तयार झाले ते 'ब्राँको बस्टर', म्हणजे अडदांड घोडा वठणीवर आणणारा स्वार. १ ऑक्टोबर १८९५ रोजी त्याचा कॉपीराइट नोंदवला गेला.

हे शिल्प नीट पाहण्यासारखे आहे. घोडा मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहिला आहे. पुढचे पाय हवेत दुमडलेले आहेत. स्वाराने एका हाताने लगाम आणि आयाळ गच्च धरली आहे, दुसऱ्या हातातील आखूड चाबूक उंचावला आहे. पुढच्या क्षणी काय होईल? स्वार टिकेल, की घोड्यासह मागे उलथेल? शिल्प उत्तर देत नाही. जिंकलेला वीर रेमिंग्टनने घडवला नाही. निकाल लागण्यापूर्वीची चुरस घडवली. राजांचे आणि सेनापतींचे अश्वारूढ पुतळे आपण पाहतो, त्यांत घोडा हा बहुधा सिंहासनासारखा असतो. स्वार त्यावर निश्चिंत बसलेला असतो. येथे घोडा हाच प्रतिपक्ष आहे, आणि दोघांचेही तितकेच चालते.

घोड्याच्या हालचालीविषयीचे त्याचे ज्ञान केवळ डोळ्यांवर विसंबलेले नव्हते. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची एकामागून एक छायाचित्रे घेऊन दाखवून दिले होते की, धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात खरे, परंतु ते पुढे-मागे ताणलेले नसून पोटाखाली गोळा झालेले असतात. शतकानुशतके चित्रकारांनी घोडा चुकीचा काढला होता. हा धडा ज्या अमेरिकन चित्रकारांनी लवकर घेतला, त्यांत रेमिंग्टन होता.

धातूचे गणित

येथे थोडे तंत्राकडे वळणे भाग आहे, कारण रेमिंग्टनचे धाडस तंत्र समजल्याखेरीज कळत नाही.

संगमरवरात असा घोडा घडवता येणार नाही. दगड दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. दोन बारीक पायांवर घोड्याचे धड पेलायचे तर पोटाखाली झाडाचे खोड किंवा खडक असा काहीतरी टेकू ठेवावाच लागतो. ब्राँझ हा मुख्यतः तांबे आणि त्यात थोडे कथील वगैरे घालून केलेला मिश्रधातू. तो चिवट असतो, आणि शिल्प आतून पोकळ ओतता येत असल्यामुळे वजनही मर्यादेत राहते. भार नेमका मागच्या खुरांवर आणि खालच्या बैठकीवर पडेल असा तोल साधला, की टेकूशिवाय घोडा उभा राहतो.

'ब्राँको बस्टर' प्रथम हेन्री-बोनार्ड या कारखान्यात वाळूच्या साच्यात ओतला गेला. या पद्धतीत मूळ आकृतीचे ठसे दाबून बसवलेल्या बारीक वाळूत घेतात. पण वाळूचा साचा आकृतीवरून सरळ उचलता आला पाहिजे. जेथे खोलगट, वळलेले किंवा आत गेलेले भाग असतील तेथे वाळू ढासळते. म्हणून हात, चाबूक, लगाम असे भाग निराळे ओतून मागाहून जोडावे लागतात. या कारखान्याने साठांच्या वर प्रती काढल्या. त्या सगळ्या जवळजवळ एकसारख्या आहेत.

१८९८ साली हेन्री-बोनार्डच्या कारखान्याला आग लागली. पुढे १९०० च्या सुमारास रेमिंग्टन ब्रुकलिनमधील रोमन ब्राँझ वर्क्सकडे वळला. तेथे रिकार्डो बर्तेली हा इटालियन कारखानदार मेणाच्या साच्याची पद्धत वापरीत असे. आपल्याकडे ही पद्धत अपरिचित नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मूर्ती ओतण्याच्या संदर्भात तिचे वर्णन आले आहे, आणि तिला 'मधूच्छिष्टविधान' असे सुंदर नाव आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले, अर्थात मेण. मूळ आकृतीवरून लवचीक साचा घेऊन त्यात मेणाचा पातळ थर ओततात. मेणाची ही पोकळ आकृती आतून-बाहेरून उष्णता सोसणाऱ्या मिश्रणाने भरून आणि लिंपून भट्टीत ठेवली, की मेण वितळून निघून जाते. त्याच्या जागी रसरशीत धातू ओततात. मेण मऊ असल्यामुळे केसांची लव, कापडाची चुणी, जनावराच्या नाकपुडीची कड यांतले काहीही निसटत नाही.

रेमिंग्टनला या पद्धतीचे जणू वेड लागले. प्रत्येक प्रतीसाठी मेणाची नवी आकृती करावी लागते, हा या पद्धतीचा गैरसोयीचा भाग. त्याने त्याचीच संधी केली. तो स्वतः कारखान्यात तासन् तास बसून मेणावर हात फिरवीत असे. एखाद्या प्रतीत चाबकाची दिशा बदलावी, एखादीत स्वाराच्या पायांवरील गुळगुळीत चामड्याच्या जागी लोकरीचे आवरण चढवावे, असे त्याचे चाले. त्यामुळे त्याच्या हयातीत निघालेल्या या प्रती म्हणजे नुसत्या नकला नव्हेत. एकाच विषयावरील ती पुन्हा पुन्हा केलेली चिंतने आहेत.

खुरांचा हिशेब

रेमिंग्टनने एकूण बावीस ब्राँझशिल्पे केली. ती एकामागून एक पाहिली तर ध्यानात येते की, घोड्याला जमिनीपासून किती सुटा करता येईल याचाच तो प्रयोग करीत होता. 'वूंडेड बंकी' या १८९६ च्या शिल्पात दोन घोडे भरधाव चालले आहेत आणि एक सैनिक शेजारच्या जखमी सोबत्याला सावरून धरतो आहे. हा सारा भार प्रत्येक घोड्याच्या एकेका पायावर तोलला आहे. 'शायेन' या १९०१ च्या शिल्पात तर घोड्याचे चारही पाय हवेत आहेत. स्वाराच्या अंगाखालून लोंबणारे रानरेड्याचे कातडे खाली बैठकीपर्यंत आणून त्याने धातूला तेवढा आधार दिला आहे.

१९०२ मधील 'कमिंग थ्रू द राय' हा या प्रयोगाचा कळस. चार काउबॉय एका ओळीत घोडे फेकत, पिस्तुले आकाशात झाडत गावात शिरत आहेत. महिनोन् महिने रानात काढल्यावर पगार हातात पडला आहे, आणि आता एका रात्रीत तो उडवायचा आहे! चार घोड्यांच्या सोळा खुरांपैकी जेमतेम पाच-सहा खूर काय ते जमिनीला टेकले आहेत. एक घोडा तर पूर्णपणे अधांतरी आहे. त्याला शेजारच्या घोड्याचाच काय तो आधार. लोखंडाच्या तोडीचा जड धातू आणि अंगात वारे शिरल्यासारखी ही चौकडी, यांचा मेळ पाहून ओताऱ्याच्या आणि शिल्पकाराच्या हातांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. १९०४ च्या सेंट लुइसच्या भव्य प्रदर्शनात याच शिल्पाची मोठी प्लास्टरची आवृत्ती उभारण्यात आली होती.

परंतु मला स्वतःला या साऱ्या गडबडीपेक्षा १९०० सालचे 'नॉर्दर' हे लहानसे शिल्प मोलाचे वाटते. मेणाच्या पद्धतीने केलेले त्याचे हे पहिले काम. नॉर्दर म्हणजे उत्तरेकडून येणारा गोठवणारा वारा. येथे धाव नाही, पिस्तूल नाही. वाऱ्याकडे पाठ करून घोडा थिजल्यासारखा उभा आहे. त्याची शेपटी आणि आयाळ वाऱ्याने पुढे लोटली आहे. वर स्वार अंग चोरून बसला आहे. १८८६-८७ च्या हिवाळ्याची हकिगत ज्याने वाचली आहे त्याला या शिल्पात त्या धंद्याचा खरा चेहरा दिसतो. 'ब्राँको बस्टर'च्या प्रती शेकड्यांनी खपल्या. 'नॉर्दर'च्या मात्र तीनच निघाल्या. ग्राहकाला काय हवे होते हे यावरून उघड होते.

दिवाणखान्यातील काउबॉय

हा ग्राहक कोण होता? 'ब्राँको बस्टर' न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानात अडीचशे डॉलरला विकला जात असे. वर सांगितलेला पगार आठवा. ज्याचे हे शिल्प, त्या काउबॉयला ते विकत घेण्यासाठी सहा-आठ महिन्यांचा अख्खा पगार मोजावा लागला असता. ते जात होते पूर्वेकडील शहरांतील वकिलांच्या, सावकारांच्या आणि कारखानदारांच्या टेबलांवर. रूझवेल्ट यांनी क्यूबाच्या युद्धासाठी उभारलेल्या स्वयंसेवक घोडदळात खरे काउबॉय बरेच होते. १८९८ च्या सप्टेंबरात ते पथक विसर्जित होताना सैनिकांनी वर्गणी काढून आपल्या नायकाला 'ब्राँको बस्टर'च भेट दिला. पुढच्या काळात त्याची एक प्रत व्हाइट हाऊसमध्ये आली आणि अनेक राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत ती त्यांच्या कचेरीत राहिली. गुरे राखणाऱ्या मजुराची मूर्ती अशा रीतीने सत्तेच्या टेबलावर जाऊन बसली.

या प्रवासात बरेच काही गळून पडले. रेमिंग्टनचा स्नेही ओवेन विस्टर याने १८९५ मध्ये काउबॉयवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यात काउबॉय हा मध्ययुगीन सरदारांचा वारस, अस्सल सॅक्सन रक्ताचा वीर ठरवला आहे. वाकेरोंचे ऋण आणि कृष्णवर्णीय गुराखी यांना त्या चित्रात मानाची जागा नव्हती. स्वतः रेमिंग्टनच्या खाजगी पत्रांत बाहेरून आलेल्या लोकांविषयी आणि परवंशीयांविषयी असे उद्गार आहेत की, ते वाचून आजच्या वाचकाला लाज वाटावी. घोड्याचा एकेक स्नायू अचूक पाहणारी ही दृष्टी माणसांच्या बाबतीत अनेकदा अधू होती. त्याच्या कारागिरीचे कौतुक करताना हे झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

विस्टरच्या त्याच लेखासाठी रेमिंग्टनने 'फॉल ऑफ द काउबॉय' हे चित्र काढले. साल तेच, १८९५. राखी आकाश, जमिनीवर बर्फ, थकलेले दोन घोडे. एक काउबॉय खाली उतरून काटेरी तारेच्या कुंपणातील फाटक उघडतो आहे, दुसरा घोड्यावर बसून वाट पाहतो आहे. बस, एवढेच. ज्याला मोकळे रान आंदण मिळाले होते, त्याला आता फाटक उघडण्यासाठी घोड्यावरून उतरावे लागते!

हे चित्र आणि 'ब्राँको बस्टर' शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एकाच माणसाने एकाच वर्षी दोन्ही केले. काउबॉय संपला हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि ते त्याने कॅनव्हासवर सांगितलेही. ब्राँझमध्ये मात्र त्याने कुंपण कधीच येऊ दिले नाही. आपली तैलचित्रे काळाच्या ओघात फिकी पडतील, पण ब्राँझला कीड लागत नाही, अशा अर्थाचे त्याने विस्टरलाच कळवले होते. म्हणजे नाशिवंत माध्यमात त्याने शेवट नोंदवला, आणि टिकाऊ माध्यमात भरभराट. पुढच्या पिढ्यांना काय उरावे याची ही निवड होती. आणि उरले तसेच. जगाला आज आठवतो तो उधळलेल्या घोड्यावरचा स्वार, फाटक उघडणारा नव्हे.

दुसरा साक्षीदार

आता मूळ वादाकडे येऊ. रेमिंग्टनने ते जीवन जगलेच नाही, म्हणून त्याची कला खोटी, असा निकाल देण्याचा मोह होतो. या मोहाला आवर घालायला चार्ल्स रसेल पुरेसा आहे.

रसेल १८६४ साली सेंट लुइसच्या खात्यापित्या घरात जन्मला आणि सोळाव्या वर्षी माँटानात गेला. १८८२ पासून अकरा वर्षे त्याने गुरांच्या कळपांवर, बहुधा रात्रपाळीचा राखणदार म्हणून, प्रत्यक्ष नोकरी केली. १८८८ मध्ये काही महिने तो कॅनडातील ब्लड जमातीच्या लोकांजवळ राहिला, त्यांची भाषा आणि रीतिरिवाज त्याने आपुलकीने पाहिले. खिशात मेणाचा गोळा सदैव असायचा आणि गप्पा मारता मारता तो त्याची जनावरे बनवायचा. त्या भयंकर हिवाळ्यात मालकाने कळपाची खबर विचारली तेव्हा रसेलने पत्राऐवजी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एक चित्र काढून दिले. बर्फात हाडांचा सापळा झालेले एक जनावर, आणि त्याच्या मरणाची वाट पाहणारे लांडगे. त्या एका चित्राने त्याचे नाव झाले. त्याचे पहिले ब्राँझ, 'स्मोकिंग अप', १९०४ सालचे.

आणि ते कशाचे आहे? घोडा उभा राहिला आहे, काउबॉयने पिस्तूल उंचावले आहे! अकरा वर्षे रात्री जागून काढलेल्या माणसानेही ब्राँझसाठी निवडला तो तोच जल्लोषाचा क्षण. १९२६ साली मरेपर्यंत तोही गेलेल्या दिवसांचीच गाणी गात राहिला. मूळ रहिवाशांकडे पाहण्याची त्याची नजर रेमिंग्टनपेक्षा मायेची होती, हे त्याच्या अनुभवाचे फळ खरे. पण आठवणीतून कुंपण काढून टाकण्याच्या बाबतीत दोघेही सारखेच.

यावरून मला जे वाटते ते असे. अनुभव कलावंताला सामग्री देतो, सत्याची हमी देत नाही. आणि दूर राहणारा माणूस केवळ दूर असल्यामुळे खोटा ठरत नाही. रेमिंग्टनचा घोडा खरा आहे, कारण तो त्याने वीस वर्षे पाहिला, मोजला, रेखाटला, छायाचित्रांशी ताडून घेतला. त्याचे काउबॉयचे जग अपुरे आहे, कारण त्यातले काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे त्याने आणि त्याच्या ग्राहकांनी मिळून ठरवले. म्हणून कलाकृतीपुढे उभे राहताना 'याने हे जगले होते का?' या प्रश्नाबरोबर दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: 'याने काय पाहिले, आणि पाहूनही काय बाहेर ठेवले?' आपल्याकडे खेड्याविषयी, गिरणगावाविषयी, डोंगरातल्या वस्त्यांविषयी जे लिहिले आणि रंगवले जाते, त्यालाही हाच प्रश्न लावून पाहण्यासारखा आहे.

शेवट आणि नंतर

आयुष्याच्या अखेरीस रेमिंग्टनचे शरीर अतिशय स्थूल झाले आणि घोड्यावर बसणे कठीण झाले. स्वतःच्या जुन्या चित्रांवरही तो नाराज होता. १९०७ आणि १९०८ साली त्याने त्यांतली कित्येक जाळून टाकली. ब्राँझ मात्र त्याने सोडले नाही. १९०८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमध्ये त्याचे एकमेव भव्य शिल्प, 'काउबॉय', उभे राहिले. ज्या खडकावर ते बसवायचे तो त्याने स्वतः निवडला होता, आणि त्या जागी एका स्वाराला घोड्यासह उभे करून पाहिल्यावरच काम केले होते. खडकाच्या कडेशी येऊन एकदम रोखलेला घोडा आणि त्यावर सावध बसलेला स्वार असे ते शिल्प आजही तेथे पाहावयास मिळते.

२६ डिसेंबर १९०९ रोजी, अ‍ॅपेंडिक्सच्या विकाराने, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. १९१८ साली इव्हा गेली. तिच्या मृत्युपत्राप्रमाणे साचे नष्ट करावयाचे होते, म्हणजे पुढे प्रती निघू नयेत. पण कॉपीराइटची मुदत संपताच तयार शिल्पांवरूनच साचे घेऊन नकला ओतणे सुरू झाले, आणि आज त्या शोभेच्या वस्तू म्हणून सर्रास विकल्या जातात. त्या ओळखण्याची एक साधी खूण धातूच देतो. ओतलेले ब्राँझ थंड होताना किंचित आकसते. त्यामुळे ब्राँझवरून ओतलेले ब्राँझ मूळ शिल्पाहून थोडे लहान भरते आणि त्याच्या कडा बोथट होतात. नकलेची नक्कल काढावी तसतसा घोडा आणखी लहान आणि आणखी गुळगुळीत होत जातो.

आपल्या थडग्यावर काही लिहायचे तर एवढेच लिहा की याला घोडा कळत होता, असे रेमिंग्टन म्हणत असे. हा दावा नेमका आणि खरा आहे. काउबॉय कळत होता, असे तो म्हणाला नाही. त्याचे एखादे ब्राँझ, अस्सल असो वा नक्कल, आपल्यापैकी कोणाच्या पाहण्यात आले तर प्रथम खूर मोजावेत, तोल कसा साधला आहे ते फिरून चारी बाजूंनी पाहावे, आणि मनसोक्त दाद द्यावी. त्यानंतर, शिल्पात न आलेल्या त्या काटेरी कुंपणाचीही क्षणभर आठवण करावी.